ट्रॉमा आणि पीटीएसडीसाठी थेरपिस्ट शोधताय? मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ट्रॉमा म्हणजे मनावर बसलेला मोठा आघात, आणि पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) म्हणजे त्यानंतर मागे राहणारा मनाचा आजार. त्याबद्दल इनबॉक्समध्ये जे प्रश्न परत परत येतात ते एका जागी ठेवलेत, नावं-गावं काढून, भाषा जवळपास तुमचीच. मी डॉक्टर नाही, लोकांना योग्य दारापर्यंत पोचवायचं काम करते, त्यामुळे माझ्याकडे निदान मागू नका. आणि आत्ता या घडीला जीव द्यायचे विचार येत असतील तर खालचं काहीही वाचत बसू नका, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, चोवीस तास चालू असतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. किंवा कोणालातरी सोबत घेऊन सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

मला जे होतंय ते पीटीएसडी आहे की नुसतं टेन्शन?

पक्कं निदान घरबसल्या होत नाही, पण ढोबळ खुणा सांगते. एक म्हणजे ती घटना नको असताना परत येते, स्वप्नात किंवा जागेपणी, आणि येते तेव्हा आठवण म्हणून येत नाही, आत्ता घडतंय असं अंग वागतं. दुसरं, तुम्ही ती जागा, तो रस्ता, तो विषय टाळायला लागता, म्हणजे माणूस अंधेरीहून दादरला यायला बसने दोन तास घालवतो पण लोकलमध्ये चढत नाही. तिसरं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मत काळवंडतं, माझीच चूक, कोणावरच भरवसा नाही, आनंदाच्या गोष्टीतही काही वाटत नाही. चौथं, शरीर कायम सावध, झोप नाही, चिडचिड, गणपतीत सुतळी बॉम्ब फुटला की काळीज तोंडात. हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि कामाधंद्यावर, घरावर परिणाम व्हायला लागला तर पीटीएसडीची शंका घेतात. नुसत्या टेन्शनचं कारण बहुतेक पुढे असतं, ईएमआय, परीक्षा, बॉस. इथे कारण मागे घडून गेलेलं असतं आणि शरीराला ते संपलंय हे पटलेलं नसतं.

घटनेला आठच दिवस झालेत. लगेच थेरपिस्ट शोधू का?

झोप उडणं, रडू येणं, दचकणं हे पहिल्या काही आठवड्यात खूप जणांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं. या काळात जेवण, झोप, सोबत, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस, एवढं पुष्कळ असतं. कोणी जबरदस्तीने बसवून "सगळं सांगून टाक, मोकळा हो" म्हणत असेल तर त्याला थांबवा, घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याने पीटीएसडी टळत नाही हे अभ्यासातून दिसलंय. पण अजिबात झोप नाही, खाणं बंद, दारू वाढली, किंवा मरायचे विचार, असं असेल तर महिना मोजत बसू नका.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, थेरपिस्ट, नक्की कोणाकडे जायचं?

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर, या चौघांत गोळ्या तोच लिहू शकतो, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा नंबर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, थेरपी आणि टेस्टिंग करतो, त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्टकडे बहुतेक एमए किंवा एमएस्सी असतं, आरसीआय नंबर नसतो, आणि तरीही यातले काही जण ट्रॉमावर फार चांगलं काम करतात. "थेरपिस्ट" हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लावतो. वीकेंडचा कोर्स करून "ट्रॉमा हीलर" झालेले इन्स्टावर ढिगाने आहेत, त्यांची रील्स बघा हवी तर, पण जखम त्यांच्या हातात देऊ नका.

त्रास खूप असेल, रात्रंदिवस झोप नसेल तर आधी सायकियाट्रिस्ट, बाकी वेळी थेरपिस्टपासून सुरुवात चालते, गरज पडली तर तोच पुढे पाठवतो.

आरसीआय नंबर खरा आहे का कसं बघायचं?

आरसीआयच्या वेबसाइटवर नावाने किंवा सीआरआर नंबरने (आरसीआयच्या नोंदवहीतला क्रमांक) शोधता येतं, नोंदणीची मुदत संपलीय का तेही बघा. नंबर मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका, विषय संपला.

ट्रॉमासाठी वेगळी थेरपी असते का? माझी मैत्रीण म्हणते ईएमडीआर कर, एकाने सीबीटी सांगितली.

हो, असते, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. नुसतं दर आठवड्याला जाऊन बोलून यायचं, यानेही हलकं वाटतं, पण पीटीएसडीवर ज्या पद्धतींचा पुरावा चांगला आहे त्या ठरलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर ही दोन नावं घेतलीत. सीबीटीच्या घरात कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी येते, साधारण बारा सेशन्सची, "माझ्यामुळेच झालं" सारख्या अडकलेल्या विचारांवर लिहून-बोलून काम करतात. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरमध्ये टाळलेल्या आठवणीकडे आणि जागांकडे हळूहळू, ठरवून जातात, सेशन बऱ्याचदा दीड तासाचं असतं, साधारण आठ ते पंधरा सेशन्स. ईएमडीआर फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ पासून विकसित केलं, त्यात आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे असतात किंवा हातावर आलटून पालटून टॅप करतात. ते संमोहन नाही, तुम्ही पूर्ण शुद्धीत असता, आणि घटनेचं बारीकसारीक वर्णन तोंडाने करावं लागत नाही म्हणून काहींना तेच बरं पडतं. ईएमडीआर असोसिएशन इंडियाकडे ट्रेनिंग घेतलेल्यांची माहिती मिळते.

यातलं कुठलं "बेस्ट" यावर भांडण्यात अर्थ नाही. जो माणूस तुम्हाला मिळतोय त्याने त्यातली एखादी नीट शिकलीय का, एवढं बघा. लहानपणापासून वर्षानुवर्षं चाललेला छळ असेल (याला आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणून वेगळी जागा आहे) तर बारा सेशन्समध्ये आटपेल अशी अपेक्षा धरू नका. आणि पास्ट लाइफ रिग्रेशनवाल्यांपासून चार हात लांब. गेल्या जन्माचं सोडा, याच जन्मातल्या खोट्या आठवणी डोक्यात बसायची भीती असते.

पहिल्या फोनवर काय विचारू? मला तर बोलायलाच सुचत नाही.

लिहून ठेवा आणि वाचून दाखवा, कोणी हसत नाही. ट्रॉमाचं ट्रेनिंग कुठलं घेतलंय, पीटीएसडी असलेल्या माणसासोबत साधारण कसं काम करता, स्वतः कोणाकडे सुपरव्हिजन (आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन) घेता का, फी किती, कॅन्सल केलं तर किती, मधल्या आठवड्यात त्रास वाढला तर काय करायचं. उत्तर "आम्ही सगळंच करतो, डिप्रेशन, करिअर, मॅरेज, ट्रॉमा" असं आलं तर समजून जा. चांगला थेरपिस्ट बहुतेक म्हणतो की आधी एक-दोन भेटी समजून घ्यायला, झोप आणि घाबरणं आवरायची साधनं आधी, मग आठवणींवर काम, आणि तेही तुम्ही तयार असाल तर. "तीन सेशनमध्ये बरं करतो" म्हणणाऱ्याला धन्यवाद म्हणून फोन ठेवा.

मुंबईत शोधायचं कुठे? गुगलवर शंभर नावं येतात.

सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांपासून सुरुवात करायला लाज वाटू देऊ नका. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर, भायखळ्याचं जेजे, सगळीकडे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जायचं, केस पेपर काढायचा, रांगेत बसायचं. गर्दी प्रचंड, डॉक्टर मोजकी मिनिटं देणार, त्यामुळे तिथे "मला थेरपी पण हवीय, सायकॉलॉजिस्टकडे पाठवता का" हे तोंडाने मागावं लागतं, नाहीतर गोळ्यांची चिठ्ठी हातात घेऊन तुम्ही परत फाटकाबाहेर. ठाणे-डोंबिवलीकडच्यांना ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, तिथे मराठीत बोलायला अडचण येत नाही. फोनवरून सुरुवात करायची असेल तर टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आयकॉल हेल्पलाइन आहे, तिथे ट्रेन्ड काउन्सेलर असतात.

प्रायव्हेटमध्ये ओळखीतून नाव मिळालं तर उत्तम, पण मैत्रिणीला ब्रेकअपमध्ये आवडलेली थेरपिस्ट तुमच्या अपघातासाठी योग्य असेलच असं नाही. फोनवरचे प्रश्न तिलाही विचाराच.

फी परवडत नाही. एका सेशनचे दोन हजार म्हणजे आमचं महिन्याचं दूध.

मुंबईत प्रायव्हेट सेशन साधारण हजार-बाराशेपासून तीन हजारांपर्यंत आणि त्याच्याही वर जातं. पुष्कळ थेरपिस्ट काही जागा कमी फीवर ठेवतात, वेबसाइटवर लिहीत नाहीत पण विचारलं की सांगतात. "मला इतकेच जमतील, तुमच्याकडे होईल का, नाहीतर दुसरं कोणी सुचवाल का" असा सरळ मेसेज करा, भाजीवाल्याशी घासाघीस करतो तसं नाही, एकदाच. पंधरा दिवसांनी एकदा जाणं हाही मार्ग आहे, पण आठवणींवर प्रत्यक्ष काम चालू असताना फार अंतर पडलेलं बरं नसतं, ते आधीच बोलून घ्या. ऑफिसमध्ये ईएपी (कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेली काउन्सेलिंगची सोय) असेल तर ती फुकट सेशन्स वापरा, ती मोजकी असतात, त्यामुळे तिथे जखम उघडून अर्ध्यात सोडण्यापेक्षा झोप आणि घाबरणं यावर काम करून घ्या.

मेडिक्लेममध्ये बसतं का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये, आणि त्यात स्पष्ट आहे की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. पण बहुतेक पॉलिसी अॅडमिट झालं तरच पैसे देतात, आठवड्याच्या सेशनला ओपीडी कव्हर लागतं. पॉलिसीत "ओपीडी" शोधा, सापडलं तर कोणाची बिलं चालतात ते एजंटला नाही, कंपनीला लेखी विचारा. नवीन पॉलिसी घेताना चालू उपचार लपवू नका, ऐन वेळी क्लेम त्याच्यावरच अडतो.

पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागतं का? त्याच भीतीने मी जात नाहीये.

नाही. "मोठी गोष्ट घडलीय, आज तपशील नको" एवढं वाक्य पुरतं. जो पहिल्या तासाभरात खोदून खोदून विचारतो त्याला ट्रॉमाचं काम कळलेलं नाही असं माझं सरळ मत आहे.

घर वन रूम किचन, माणसं सहा. ऑनलाइन सेशन कुठे बसून करू?

हा प्रश्न मुंबईत जितका येतो तितका बाकी कुठून येत नाही. लोकांनी काढलेले मार्ग सांगते. गच्ची, पण चावी वॉचमनकडे आणि पावसाळ्यात बाद. पार्क केलेली गाडी, स्वतःची नसली तर मित्राची. घरचे सगळे देवळात किंवा कामावर जातात ती वेळ. दिवसभर रिकामी असणारी मैत्रिणीची खोली. इअरफोन हवेतच, आणि दाराशी कोणी आलं तर थेरपिस्टला कळावं म्हणून एक शब्द ठरवून ठेवा, "ऑफिसची फाइल" म्हटलं की विषय बदलायचा, असं. चॅटवर सुरुवात चालते, पण आठवणींवर काम करायची वेळ आली की बंद दार लागतंच, तेवढ्या सेशन्सना तरी क्लिनिकला जा. आणि काहीही झालं तरी लोकलमध्ये उभं राहून सेशन घेऊ नका, घेणारे आहेत म्हणून सांगतेय.

आईला मराठीच येतं. इंग्रजीवाले थेरपिस्ट तिच्या काय कामाचे?

फारसे नाहीत. माणूस घाबरतो, शिव्या देतो, देवाला हाक मारतो ते आईच्याच भाषेत, आणि तुम्ही मध्ये बसून दुभाषाचं काम केलंत तर ती तुमच्यासमोर अर्धं गिळेल. हॉस्पिटलांमध्ये आणि आयपीएचमध्ये मराठी बोलणारे मिळतात. प्रायव्हेटमध्ये फोनवर थेट मराठीतच बोलायला सुरुवात करा, समोरचा दोन वाक्यात इंग्रजीवर घसरला की कळतंच.

सेशननंतर मला जास्तच त्रास होतो. थेरपी उलटी पडतेय का?

आठवणींवर काम सुरू झालं की एक-दोन दिवस स्वप्नं वाढणं, थकवा येणं, रडू येणं हे होऊ शकतं. ते ओसरतंय का आणि दर वेळी थोडं कमी होतंय का ते बघा. त्रास आठवडाभर तसाच राहिला, काम बंद पडलं, स्वतःला इजा करावीशी वाटली तर पुढच्या सेशनची वाट न बघता थेरपिस्टला कळवा, वेग कमी करणं त्याच्या हातात असतं. आणि वेळ नीट निवडा ना, संध्याकाळी साडेसहाला सेशन संपवून तसंच विरार फास्टमध्ये घुसायचं याला काय अर्थ आहे, शक्य असेल तर दुपारची वेळ घ्या, नाहीतर मध्ये अर्धा तास चहा प्या.

गोळ्या घ्यायच्याच का?

सगळ्यांना लागत नाहीत. लागल्या तर सर्ट्रालिनसारखी एसएसआरआय गटातली औषधं देतात, परिणाम दिसायला काही आठवडे जातात, म्हणून चार दिवसात "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. झोपेसाठी शेजाऱ्याने दिलेली अल्प्राझोलाम मात्र घेऊ नका, सवय लागते आणि पीटीएसडीवर तिचा उपयोग नाही. आधीपासून घेत असाल तर स्वतःहून एकदम बंदही करू नका, डॉक्टरकडून हळूहळू कमी करून घ्या.

माझ्यावर काही झालंच नाही, मी फक्त बघितलं. तरी पीटीएसडी होतो?

होतो. डोळ्यासमोर बघणं, जवळच्या माणसाचं असं काही कळणं, कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा सामोरं जाणं, हे सगळं निदानाच्या निकषात आहे. गाडीखाली माणूस आलेला मोटरमन, रुळांवरून शरीर उचलणारे हमाल, अग्निशमन दलाचे जवान, कॅज्युअल्टीतल्या नर्स, यांना "तुमचं तर रोजचंच आहे" म्हणून उडवून लावतात, आणि रोजचंच आहे म्हणून तर जास्त बघायला हवं. टीव्हीवर बातम्या बघून झालेला त्रास मात्र या निकषात बसत नाही, त्रास खरा असला तरी.

दादा २००६ च्या ट्रेनमध्ये होता. इतकी वर्षं ठीक होता, आता अचानक सुरू झालंय. असं होतं का?

हो. काही जणांमध्ये पूर्ण चित्र सहा महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी उमटतं, रिटायरमेंट, नवा अपघात, घरातला मृत्यू असं काही निमित्त लागतं. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांच्या खटल्यात २०२५ च्या जुलैत हायकोर्टाने आरोपींना निर्दोष सोडलं तेव्हा तीच दृश्यं परत दिवसभर टीव्हीवर होती, अशा वेळी जुनं वर आलं तर नवल नाही. २००५ चा २६ जुलैचा पूर अंगावर घेतलेल्यांना जोराचा पाऊस लागला की असंच होतं. जुनं झालं म्हणून उपचार लागू पडत नाहीत असं नाही, दादाला वरच्याच पद्धती चालतात.

थेरपिस्ट घरच्यांना किंवा ऑफिसला सांगेल का?

तुमच्या परवानगीशिवाय नाही, २०१७ च्या कायद्यात गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश, उपचार करणारा दुसरा डॉक्टर. १८ च्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. ईएपीमधून जात असाल तर ऑफिसला नक्की काय जातं ते पहिल्या दिवशी विचारा.

लहानपणी नातेवाइकाने केलेल्या अत्याचाराबद्दल सांगितलं तर पोलीस केस होईल का?

तुम्ही आत्ता १८ च्या आत असाल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवावंच लागतं, थेरपिस्ट सुटत नाही. तुम्ही मोठे असाल आणि गोष्ट जुनी असेल तर वेगवेगळे थेरपिस्ट वेगवेगळं धोरण ठेवतात, त्यामुळे नाव-नातं सांगायच्या आधी "अशी जुनी गोष्ट कोणी सांगितली तर तुम्ही काय करता" हे विचारून घ्या. तोच माणूस आज घरातल्या दुसऱ्या लहान मुलांजवळ वावरतोय असं असेल तर विषय बदलतो, तेव्हा ते मूल आधी, चाइल्डलाइन १०९८.

नवरा अजून मारतो. मी ट्रॉमा थेरपी सुरू करू का?

मार चालू असताना जुन्या आठवणी उघडायचं काम बहुतेक थेरपिस्ट थांबवूनच ठेवतील, ते बरोबर आहे, आधी सुरक्षितता. पालिकेच्या काही हॉस्पिटलांमध्ये दिलासा केंद्रं आहेत, पहिलं वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये सुरू झालं, तिथे काउन्सेलिंगसोबत पोलीस, कायदा, निवारा यातही मदत होते, आणि हॉस्पिटलला जायचं कारण घरी सांगणं सोपं असतं. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

कोर्टात केस चालू आहे. थेरपीतलं तिथे वापरतील का?

कोर्टाने मागितलं तर नोंदी द्याव्या लागू शकतात, म्हणून वकिलाला सांगा की थेरपी चालू आहे, आणि थेरपिस्टला सांगा की केस चालू आहे. केस आहे म्हणून उपचार लांबवू नका, आपल्याकडे तारखा किती वर्षं पडतात माहितीये ना. अपघाताच्या क्लेमसाठी सर्टिफिकेट हवं असेल तर ते उपचार करणाऱ्या सायकियाट्रिस्टकडूनच घ्या.

थेरपिस्टशी जमत नाहीये, की तो चुकीचं वागतोय, कसं ठरवू? तक्रार कुठे?

जमत नसेल तर तीन-चार सेशन्सनंतर तोंडावर सांगा, चांगला थेरपिस्ट दुखावत नाही, बदल करतो किंवा दुसरं नाव देतो. न सांगता गायब झालात तरी काही गुन्हा नाही, फक्त तुमच्या नोंदी मागून घ्या, त्या मिळणं तुमचा हक्क आहे, म्हणजे नव्या माणसासमोर पहिल्यापासून सगळं उगाळायला नको. पण अंगचटीला येणं, रात्री मेसेज, पैसे उसने मागणं, बाहेर भेटायला बोलावणं, हे "न जमणं" नाही. तिथे लगेच थांबा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. सायकियाट्रिस्ट असेल तर महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयकडे तक्रार होते, लैंगिक प्रकार असेल तर पोलिसांकडेही. नोंदणीच नसलेला कोणी असेल तर पोलीस आणि ग्राहक आयोग एवढेच रस्ते उरतात, म्हणून नंबर आधी तपासा.